कार्बोहायड्रेट, फरकाने

हिंगण्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
सकाळी कूलरच्या टाकीत पाणी भरून
मी खलबत्त्यात बिस्किटं कुटते.
पगार त्याचाच आहे.

आजचा नमुना: मसाला कुकीज, बंद पाकीट, दोनशे ग्रॅम.
उत्पादक पुष्पलता हेडाऊ, गोळीबार चौक.
सुंठ, मिरे, जायफळ, जराशी दालचिनी,
आणि आणखी एक काहीतरी, जे फॉर्मवर नव्हतं.
"घरचं आहे जी ते," म्हणाल्या,
आणि पैसे भरल्याच्या पावतीनं वारा घेत राहिल्या.
खरं तूप परवडत नाही, हेही सांगून टाकलं,
मी विचारलं नसताना.

एकशे पाच अंशांवर आधी पाणी जातं.
तीन पूर्णांक एक.
बाहेर सेहेचाळीस आहे. ऑटोची वाट पाहत
उभ्या असलेल्यांचं कोणी वजन करत नाही,
आधीचं आणि नंतरचं.

मग स्निग्धांश. इथरमधून थेंब थेंब, सहा तास.
एकवीस पूर्णांक आठ.
प्रथिनं आम्लात उकळून, नत्र पकडून,
ठरलेल्या आकड्यानं गुणून: सहा पूर्णांक चार.

राखेसाठी क्रूसिबल आधी बर्नरवर धरते.
तेवढी पाच मिनिटं
अख्ख्या मजल्यावर सुंठ आणि जायफळ फिरतं.
टायपिंग सोडून डहाके येतो, दारातूनच विचारतो,
"काऊन मॅडम, कोणाच्या घरी कार्य आहे?"
नंतर भट्टी, साडेपाचशे अंश.
संध्याकाळी उरते चिमूटभर करडी पूड,
एक पूर्णांक सहा, तिला कसलाच वास नाही.

कार्बोहायड्रेट मात्र आम्ही मोजत नाही.
शंभरातून पाणी, प्रथिनं, स्निग्धांश, राख वजा करायची,
उरेल ते लिहायचं: सदुसष्ट पूर्णांक एक,
आणि पुढे एक शब्द, फरकाने.
वर कुठे माझा हात चुकला असेल
तर ती चूकही तिथेच जाऊन बसते,
पिठासारखी, साखरेसारखी.

आई महिन्याचा हिशेब असाच करायची.
भाडं, वीज, दूध, बाबांच्या गोळ्या
असं एकेक खाली उतरवत जायची,
आणि तळाशी उरलेल्याला "आपलं" म्हणायची.
कधी अकरा रुपये असायचे. कधी उसने.
तेही आपलेच.

मसाल्याला रकाना नाही.
मी तीनदा फॉर्म उलटून पाहिला.
सोडियम आहे, ट्रान्स फॅट आहे, शून्य लिहायलाही जागा आहे.

गुरुवारी पुष्पलताबाई अहवाल न्यायला आल्या.
बोट साखरेवर थांबलं. "सत्तावीस? मी अठरा धरली होती."
मग स्वतःच आठवत गेल्या:
जुनी वाटी पोरीनं नेली, सासरी, कामठीला.
नवी खोल आहे थोडी.
"कमी नाही लिहिता येत काय जी?"
नाही.
"मंग वाटीच बदलतो."
चारशे नव्वद किलोकॅलरीवर त्या काही बोलल्या नाहीत.
फक्त "एक वाढप: दोन नग" वाचून हसल्या.
"दोनवर कोण थांबते, मॅडम?"

जिना उतरताना त्यांना हाक मारून विचारावंसं वाटलं,
ते घरचं काय होतं.
नाही विचारलं.

नियमाप्रमाणे उरलेला नमुना नष्ट करायचा असतो.
मी आणि डहाकेनं चार वाजता नष्ट केला,
चहात बुडवून.
रजिस्टरात तारीख घातली, सही केली.
दगडफूल असावं, तो म्हणाला.
मला ओवा वाटला.
वजनाचा रकाना कोरा राहिला,
कारण तोवर पाकिटात
मोजण्यासारखं काही नव्हतं.